चौथा बाक, खिडकीजवळ

रविवारी उपासनेत गाणं सुरू झालं की कवळीबाईंचं लक्ष शब्दांकडे कमी आणि लोकांच्या तोंडांकडे जास्त असायचं. पुढच्या बाकावरच्या पोस्टमनने सूर लावला की त्याची वरची कवळी किंचित सुटते, हे त्यांना त्याच्या पाठमोऱ्या मानेवरूनही कळायचं. शिंपीणबाई 'स' म्हणताना शिटी वाजवते, म्हणजे समोरचे दोन दात जरा लांब झालेत, बोलावून घासून द्यायला हवेत. त्या चर्चमधली निम्मी मंडळी बाईंनी केलेल्या दातांनी खायची, भांडायची आणि देवाची स्तुती करायची. एकदा त्यांची धाकटी बहीण कानात कुजबुजली होती, "ताई, स्तुती त्यांची, पण दात तुझे. वर नेमकं कुणाच्या नावावर जमा होत असेल गं?" ऐन प्रार्थनेत दोघींना हसू फुटलं. पाळकांच्या बायकोने मागे वळून असं काही पाहिलं की दोघींची दातखीळच बसली.

असले विनोद धाकटीलाच सुचायचे. थोरली कामाची. आई गेली तेव्हा धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती आणि थोरली शाळेतून बाहेर पडायच्या बेतात होती. वडील छापखान्यात रखवालदार होते, घरात बोलायचे ते फक्त जेवताना, आणि तेही मीठ मागण्यापुरतं. थोरलीने एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत काम धरलं. आधी प्लास्टरचे वाडगे धुतले, मग साचे ओतले, मग मेणात एकेक दात बसवायला शिकली, आणि हळूहळू ती खोलीच तिची झाली. फळ्यांवर जबडेच जबडे, पांढरे, आ वासलेले. हातांना कवळीच्या हिरड्यांसाठी लागणाऱ्या गुलाबी पावडरचा आणि तिच्यात कालवायच्या द्रवाचा वास कायमचा लागलेला. लग्नाचं कुणी विचारलं की थोरली म्हणायची, आधी धाकटीचं होऊ दे. धाकटीला विचारलं की ती म्हणायची, आधी ताईचं. अशी चेंडूफेक बरीच वर्षं चालली, मग विचारणारेच दमले. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहिल्या आणि खरं सांगायचं तर मजेत राहिल्या. धाकटी टेलिफोन कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. "तुला दातांचा पगार, मला शिव्यांचा," असं म्हणून ती घरी आल्या आल्या दिवसभरातली उत्तम शिवी ताईला ऐकवायची.

आता त्या चर्चची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आजाऱ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना व्हायची, पण त्यात नाव घ्यायचं नाही असा तिथला रिवाज होता. फार पूर्वी नावं घेत असत. मग कुणाचं नाव राहिलं म्हणून कुणी रुसलं, कुणाची गुडघेदुखी दर आठवड्याला देवापुढे जाते म्हणून कुणी कुरकुरलं, आणि एकदा तर एका मुलीचा आजार असा चारचौघांत पुकारला गेला की तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हाच्या पाळकांनी कपाळाला हात लावला आणि ठरवून टाकलं की नाव नको, आजार नको, फक्त बाक सांगायचा. नाव देवाला ठाऊक आहे, आपण पत्ता द्यायचा. तेव्हापासून प्रार्थना अशी चालायची: "तिसरा बाक, भिंतीकडची बाजू. बरं कर, बाबा." मग सगळे म्हणायचे, "प्रभो, आमचं ऐक." बाकांवरच्या जागा ठरलेल्या होत्या. एखादा पाहुणा चुकून कुणाच्या जागी बसला, तर बिचाऱ्यासाठी भलत्याच दुखण्याची प्रार्थना होऊन जायची.

ही प्रार्थना सांगायचं काम घड्याळजी आजोबांकडे होतं. त्यांनी दुकान कधीच बंद केलं होतं, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण बाक सगळे पाठ होते. डोळे मिटून ते मनातल्या मनात पहिल्या बाकापासून चालत जायचे आणि आजारी माणसापाशी थांबायचे. त्यांच्या तोंडातली कवळीही अर्थातच बाईंचीच.

धाकटीला रक्ताचा आजार झाला तेव्हापासून आजोबा दर रविवारी चौथ्या बाकापाशी थांबायला लागले. "चौथा बाक, खिडकीजवळ. बरं कर, बाबा." सुरुवातीला धाकटी तिथे बसलेली असायची, मग ती जागा रिकामी राहू लागली आणि थोरली शेजारी एकटी बसायला लागली. दोन वर्षं हे चाललं. "प्रभो, आमचं ऐक" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज थोरलीचा असायचा. इतका मोठा की पुढचे लोक दचकायचे. मागायचं तर धड मागावं, पुटपुटून काय मिळतं, असं तिचं मत होतं.

धाकटी गेली. एका साध्या सकाळी गेली, दूध तापत ठेवलेलं होतं तेवढ्यात.

मग लोक आले, आणि येताना समजुतीचे शब्द घेऊन आले. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, असं पोस्टमन म्हणाला. म्हणजे मी कुठल्या कामाची नाही, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. देव सोसेल तेवढंच देतो, असं पाळकांची बायको म्हणाली. ज्याने सोसायचं त्याला कुणी विचारलं होतं का? सुटली बिचारी, असं तर जवळजवळ सगळेच म्हणाले. बाईंनी सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि लोक गेल्यावर खुर्च्या पुन्हा भिंतीशी लावून ठेवल्या. रडू आलं नाही. त्यांना स्वतःचीच भीती वाटली, इतकं ते आलं नाही.

आणि त्यांनी देवाशी अबोला धरला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लहानपणी दोघी बहिणी भांडल्या की असाच अबोला व्हायचा, आणि तो प्रत्येक वेळी धाकटीच मोडायची, काहीतरी वेडंवाकडं तोंड करून. आता मोडणारं कुणी उरलं नव्हतं. बाई दर रविवारी चर्चला जायच्या, कारण घरी बसणं त्याहून वाईट होतं. पण भांडण झालेल्या घरात बाई पानं वाढते आणि नवऱ्याकडे बघत नाही, तशा त्या तिथे बसायच्या. गाणं म्हणायच्या नाहीत. डोळे मिटायच्या नाहीत. आजाऱ्यांची प्रार्थना आली की ओठ घट्ट दाबून धरायच्या. दोन वर्षं घसा फोडून बोलले, आता त्याने आधी बोलावं, मग बघू. मनातून मात्र त्या धास्तावलेल्या असायच्या. हा अबोला असाच राहिला तर? आपण मेल्यावरही तो समोर आला आणि दोघंही गप्प बसून राहिलो तर? मग धाकटीचा पत्ता विचारायचा कुणाला?

असे काही आठवडे गेले. मग तो रविवार आला.

आजोबा नेहमीसारखे उभे राहिले, डोळे मिटले. पहिला बाक झाला. तिसरा झाला. आणि मग त्याच लयीत, त्याच सुरात ते म्हणाले, "चौथा बाक, खिडकीजवळ. बरं कर, बाबा."

दोन वर्षांची सवय. निम्मी तोंडं आपोआप उघडली. "प्रभो, आमचं..." इथवर आलं आणि एकेक जण अडखळला. कुणी हात तोंडावर नेला, कुणी खोकल्यात शब्द गिळला. एकच आवाज शेवटपर्यंत गेला, खणखणीत, आणि तो बाईंचा होता. "...ऐक."

बाई उठल्या, बाकांमधून सरळ चालत गेल्या आणि बाहेर पडल्या. सगळ्यांना वाटलं त्या आजोबांवर चिडल्या. चिडल्या होत्याच. मेलेल्या माणसाला बरं करायला सांगतात म्हणजे काय? पण खरा राग स्वतःच्या जिभेवर होता. इतके दिवस दाबून धरलेली, आणि एका हाकेसरशी फितूर झाली. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे?

मंगळवारी आजोबा दंतवैद्याच्या मागच्या खोलीत आले. हातरुमालात वरची कवळी होती, मधोमध दोन तुकडे झालेली. तोंडात दात नसताना आजोबा जे बोलले ती नुसती वाफ होती, दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. बाईंचा उभा जन्म बोळक्या तोंडांशी बोलण्यात गेलेला, त्यांना सगळं कळायचं. इथे ते दात लावून लिहिलं आहे एवढंच.

"हातातून निसटली, पोरी. धुताना."

"ठेवा तिथे."

"रविवारपर्यंत होईल?"

"बघू."

आजोबा गेले नाहीत. स्टूल चाचपून त्यावर बसले. बाई मेणाची पट्टी गरम करत राहिल्या.

"रविवारी माझं चुकलं," आजोबा म्हणाले.

"ते सगळ्यांनीच ऐकलं."

"दोन वर्षं म्हणत होतो. जीभ आपली आपण गेली."

"दोन वर्षं म्हणत होतात ना? मग काय झालं त्याचं?" बाईंच्या हातातला चाकू थांबला. "सगळे म्हणत होतो. मी तर ओरडत होते. ऐकू गेलं नाही त्याला? का बाक चुकला त्याचा?"

बाईंनी उपदेशाची वाट पाहिली. आल्या शब्दाला परत पाठवायला त्या तयारच होत्या.

"मला नाही माहीत," आजोबा म्हणाले. "माझी बायको गेली तेव्हाही मला माहीत नव्हतं. आता एवढा म्हातारा झालो, अजून नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पवित्र शास्त्रातल्या त्या दोघी बहिणींनी प्रभूला तोंडावर सुनावलं होतं, बघ. भाऊ गेल्यावर आला म्हणून. तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ वाचला असता, असं. तो चिडला नाही. त्यांच्याबरोबर रडला. मेलेल्या भावाला उठवणार होता तरी आधी रडला."

"त्यांचा भाऊ उठला, आजोबा."

"हो. उठला."

"माझी नाही उठली."

"नाही."

खोलीत मेण वितळल्याचा वास पसरला होता. बाईंनी दिवा विझवला.

"तो बाक वगळा," त्या म्हणाल्या. "यापुढे तिसऱ्यानंतर पाचवा. चौथा म्हणायचाच नाही."

"तू म्हणशील तसं."

"मी म्हणतेय."

आजोबा भिंतीला धरून उठले. दारापाशी गेल्यावर वळले. "पण आज बोललीस हे बरं झालं."

"तुमच्याशी बोलले मी."

"माझ्याशी कशाला भांडशील? मी काय मारलं तिला?" असं म्हणून ते गेले.

कवळी दुरुस्त करणं म्हणजे बाईंच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं. तुकडे जुळवायचे, मागून प्लास्टर ओतायचं, तडा घासून रुंद करायचा, त्यात गुलाबी मिश्रण भरायचं, गरम पाण्यात घट्ट होऊ द्यायचं, घासून चकचकीत करायचं. त्यांनी तुकडे जुळवून चिकटमेणाने धरून ठेवले आणि तिथेच सोडले. बुधवारी सोडले, गुरुवारी सोडले. शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पावडर संपली म्हणाल्या. डबा समोर भरलेला होता. दात नसले तर आजोबा बोलणार नाहीत. मग चौथा नाही आणि पाचवाही नाही, सगळंच बंद. आपण हे काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि तरी हात पुढे होत नव्हता.

वरच्या फळीवर धाकटीचा जबडा होता. काम शिकत असताना पहिला साचा त्यांनी तिच्याच तोंडाचा घेतला होता. ती हसू दाबून बसली होती, म्हणून एका कडेला ओठाचा ठसा उठला होता. डावीकडचा सुळा बाहेर आलेला. ती गेल्यावर बाईंनी तो साचा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शनिवारी दुपारी त्यांनी तो खाली काढला आणि त्या सुळ्यावरून अंगठा फिरवला. प्लास्टर गार होतं. टेलिफोन कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर आता दुसरी मुलगी बसत होती. घरमालकाने दारावरच्या पाटीवर एकच नाव ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला सुरुवातीला विचारायचा, बहीण कशी आहे, मग कळल्यावर तोही विचारायचा थांबला. बाईंना एकदम वाटलं, आपण मंगळवारी आजोबांना जे सांगितलं ते आपल्याला मुळी हवंच नव्हतं. पण मग काय हवं होतं, तेही सांगता आलं नसतं. त्यांनी साचा जागेवर ठेवला. कवळी तशीच राहिली.

रविवारी जायचंच नाही असं ठरवून त्या उठल्या. चर्चची घंटा झाली आणि आपल्यामुळे एक म्हातारा माणूस बिनदाताचा बसला असेल, हे काही मनातून जाईना. निदान तोंडावर सांगून यावं, झाली नाही म्हणून. कवळीचे तुकडे रुमालात गुंडाळून त्या निघाल्या, पोचायला उशीर झाला, म्हणून अगदी शेवटच्या बाकावरच बसल्या. तिथून चौथा बाक दिसत होता. आज त्यावर कुणीच नव्हतं.

आजोबा उभे होते. दात नाहीत म्हणून ते बसून राहतील असं बाईंना वाटलं होतं, पण ते उभे होते आणि प्रार्थना सांगत होते. डोळे मिटून, एकेका बाकापाशी थांबून. पण ऐकू येत होती ती नुसती फसफस. कुठला बाक झाला, कुठे थांबायचं, कुणालाच कळेना. कुणी मध्येच "प्रभो" म्हणालं आणि ओशाळून थांबलं. मागच्या मुली फिसकन हसल्या. पाळक लगबगीने पुढे आले, तर आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाईंना मात्र प्रत्येक शब्द कळत होता. पहिला बाक, दाराकडची बाजू. म्हणजे पोस्टमनची सून. आजोबा तिच्यासाठी मागत होते आणि कुणी साथ देत नव्हतं. बाईंना लाज वाटली, कान गरम होईपर्यंत. त्या उठल्या, चालत पुढे गेल्या आणि आजोबांशेजारी उभ्या राहिल्या.

"पहिला बाक, दाराकडची बाजू," त्या मोठ्याने म्हणाल्या. "बरं कर, बाबा."

"प्रभो, आमचं ऐक," मंडळी म्हणाली.

आजोबांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा आवाज जरा सैल झाला. ते पुटपुटत गेले, बाई मोठ्याने सांगत गेल्या. दुसरा बाक, मधली जागा. बाईंनी मनाची समजूत घातली की हे काही देवाशी बोलणं नव्हे. अबोल्यात तिसऱ्याच्या तोंडून निरोप चालतो. तिसरा बाक, भिंतीकडची बाजू. ही आजोबांची मागणी, मी आपली पोचवते.

मग आजोबा म्हणाले, "पाचवा बाक."

शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी चौथा गाळला होता. बाईंनी तोंड उघडलं आणि पाचवा हा शब्द काही केल्या बाहेर येईना. त्या समोर बघत होत्या. इतकी वर्षं त्या बाकावर बसल्या, पण समोरून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. खिडकीतून ऊन पडलं होतं ते सरळ धाकटीच्या जागेवर. शेजारची जागा सावलीत होती. दोन माणसांची जागा, आणि ती सहज ओलांडून पुढे जायचं होतं. त्यांनीच सांगितलं होतं तसं.

मंडळी थांबली होती. आजोबांनी पुन्हा पाचवा म्हटलं नाही.

"चौथा बाक," बाई म्हणाल्या.

आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"खिडकीजवळ कुणी नाही. ती गेली." त्या थांबल्या. नाव नको, आजार नको, हा रिवाज त्यांना माहीत होता. "तिच्या शेजारी मी बसते. मला जेवण जात नाही. मला रडू येत नाही. मी तुझ्यावर रागावलेय, आणि माझा राग गेलेला नाही. ती तुझ्यापाशी आहे म्हणतात. असेल तर तिला नीट ठेव. आणि मला..." बरं कर, असं म्हणायचं होतं. दोन वर्षं ऐकलेलं, सोपं वाक्य. "मला तिथे एकटीला बसवत नाही रे, बाबा."

रीतीप्रमाणे उत्तर द्यायची जागा कुठली, तेच कुणाला कळलं नव्हतं. मग शेजारून, बोळक्या तोंडातून, नुसत्या वाऱ्यासारखं आलं, "प्रभो, आमचं ऐक." तेवढं मात्र सगळ्यांना कळलं, आणि मग सगळे म्हणाले. पोस्टमन म्हणाला, शिंपीणबाई म्हणाली, मागच्या हसणाऱ्या मुली म्हणाल्या. बाई या वेळी म्हणाल्या नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे मागत होते आणि त्यांना फक्त उभं राहायचं होतं. वरून काही उत्तर आलं नाही. पण आपण बोललो आणि तो उठून गेला नाही, असं काहीतरी त्यांना आत वाटलं, आणि एवढे दिवस न आलेलं रडू चेहऱ्यावरून खाली वाहायला लागलं. ते थांबेना.

आजोबांनी त्यांच्या कोपराला हलकेच हात लावला. पाचव्या बाकावर कुणीतरी आजारी होतं. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि तो बाक सांगायला घेतला.